थांबलेला रोबो की वाट पाहणारा?

२५ जानेवारी १९७९. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लॅट रॉक इथे फोर्ड कंपनीचा ओतीव भागांचा कारखाना होता. तिथल्या गोदामात पाच मजली उंच मांडण्यांवरून माल काढून आणायचं काम एक स्वयंचलित यंत्रणा करायची. त्या दिवशी यंत्रणेने दाखवलेल्या साठ्याचा आकडा जुळेना, म्हणून रॉबर्ट विल्यम्स हा २५ वर्षांचा कामगार हाताने माल काढायला मांडणीवर चढला. तो तिसऱ्या मजल्यावर असताना सुमारे टनभर वजनाची वाहक गाडी मागून आली आणि तिने त्याच्या डोक्याला धडक दिली. तो जागीच गेला. गाडी मात्र काम करत राहिली. अर्ध्या तासाने सहकाऱ्यांना त्याचा देह सापडला. रोबोमुळे माणसाचा जीव गेल्याची ही पहिली नोंद मानली जाते. माणूस आसपास आहे हे कळून इशारा देणारी कसलीही सोय त्या यंत्रणेत नव्हती. १९८३ साली ज्युरीने यंत्रणा बनवणाऱ्या लिटन कंपनीविरुद्ध एक कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली.

अशा घटनेची बातमी होते तेव्हा ‘रोबोने माणसाला मारलं’ असा मथळा हमखास येतो. मथळा खपतो, पण त्यातून कळत काहीच नाही. रोबोला माणूस ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतात सिग्नल: जॉब आला, क्लॅम्प बसला, दार बंद आहे, पुढे जा. सिग्नल आला की हलायचं, नाही आला की उभं राहायचं. धोक्याची खरी मेख या उभं राहण्यात आहे. बंद केलेला रोबो आणि सिग्नलसाठी थबकलेला रोबो, दोघंही बाहेरून अगदी सारखे दिसतात.

चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या वेल्डिंग सेलमध्ये, म्हणजे रोबोच्या कुंपण घातलेल्या जागेत, काय होतं ते पाहावं. फिक्स्चरमध्ये पत्रा बसवला, क्लॅम्प मिटले, पण रोबो जागचा हलत नाही. पेंडंटवर, म्हणजे रोबो चालवायच्या हातात धरायच्या पडद्यावर, बघितलं तर एक इनपुट आलेलं नसतं. क्लॅम्पशेजारी बोटभर लांबीचा प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो, त्याच्या तोंडावर वेल्डिंगचा स्पॅटर साचलेला असतो. शिफ्टचा आकडा गाठायचा असतो. दार उघडलं तर सगळी सायकल पुन्हा पहिल्यापासून चालू करावी लागेल, म्हणून कुणीतरी कुंपणाच्या फटीतून हात घालतो आणि चिंधीने सेन्सर पुसतो. सेन्सर साफ होतो, इनपुट येतं, आणि वेल्डिंगची जड गन धरलेला हात त्याच क्षणी पूर्ण वेगाने पुढच्या बिंदूकडे निघतो. यात बिघाड कुठेच नसतो. प्रोग्राममध्ये लिहिलं होतं तेच रोबोने केलेलं असतं.

हरियाणातल्या मानेसरमध्ये २०१५ साली एका तरुण कामगाराचा मृत्यू झाला, तेव्हाच्या बातम्यांनुसार तो सरकलेला पत्रा नीट करायला चालू रोबोच्या जवळ गेला होता. दक्षिण कोरियात नोव्हेंबर २०२३ मध्ये भाज्यांचे खोके उचलणाऱ्या रोबोने ज्याला चिरडलं, तो माणूस त्याच रोबोचा सेन्सर तपासायला आला होता. अमेरिकेतल्या १९९२ ते २०१७ या काळातल्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात रोबोशी संबंधित ४१ मृत्यू आढळले, आणि त्यांतल्या ७८ टक्के घटनांत रोबो स्वतःच्या शक्तीवर चालू असताना माणसाला धडकला होता. अमेरिकेचं कामगार सुरक्षा खातं कित्येक वर्षं सांगत आलं आहे की रोबोचे बरेचसे अपघात रोजच्या उत्पादनात होत नाहीत. ते प्रोग्रामिंग, दुरुस्ती, चाचणी, जुळवाजुळव अशा वेळी होतात. म्हणजे जो कुंपणाबाहेर उभा राहून जॉब भरतो त्याच्यापेक्षा जो आत जातो त्याला भय जास्त, आणि आत जाणारा बहुधा रोबोची सगळ्यात जास्त माहिती असलेलाच असतो.

जपानमध्ये आकाशी इथल्या एका कारखान्यात १९८१ साली घडलेली घटना या बाबतीत फार बोलकी आहे. तिथे कुंपण होतं. कुंपणाच्या दाराला इंटरलॉकही होतं, दार उघडलं असतं तर रोबोची वीज गेली असती. देखभाल करणारा कामगार दारातून न जाता कुंपणावरून आत उतरला, आणि पूर्ण बंद न झालेल्या रोबोच्या हाताने त्याला शेजारच्या ग्राइंडिंग यंत्राकडे ढकललं. दाराचं इंटरलॉक फक्त दारापुरतं शहाणं असतं. म्हणून आता सेलची आखणी करताना कुंपणाची उंची, खालची फट, वरून आणि बाजूने हात किती आत पोचतो, याचीही मोजमापं बघितली जातात.

आत जावंच लागतं तेव्हा काय? त्यासाठी कंट्रोलरवर किंवा पेंडंटवर मोडची किल्ली असते. ऑटोमध्ये रोबो पूर्ण वेगाने आणि कुंपण बंद असतानाच चालतो. मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे बहुतेक कंपन्या ज्याला टी-१ म्हणतात त्यात, रोबोच्या टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. सेकंदाला एक वीत, एवढ्या वेगाने येणाऱ्या हातापासून सावध माणूस बाजूला होऊ शकतो. शिवाय पेंडंटच्या मागच्या बाजूला बोटांखाली येणारं एक बटण असतं. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनने हँडलवरचा दाब सोडला की ब्रेक लागतात, ते तत्त्व इथेही आहे. पण रोबोच्या बटणाला तीन अवस्था असतात. सोडलेलं असेल तर रोबो थांबलेला. हलकं, मधोमध दाबलेलं असेल तरच रोबो हलतो. आणि कचकन पूर्ण दाबलं तर पुन्हा थांबतो. ही तिसरी अवस्था माणसाच्या स्वभावावरून आली आहे, कारण घाबरल्यावर काही जण हातातली वस्तू टाकून देतात, तर काही जण ती घट्ट आवळतात. दोन्ही प्रकारची माणसं वाचली पाहिजेत.

हे बटण मधल्या अवस्थेत टेपने किंवा केबल-टायने बांधून ठेवलेलं पेंडंट ज्याने कधी पाहिलंच नाही, असा सर्व्हिस इंजिनिअर विरळा. आठ तास बोटं दाबून धरायची म्हणजे दुखतात हे खरं. पण त्या टेपमुळे पेंडंट धरणाऱ्या माणसाचा रोबोवरचा ताबाच निघून जातो.

इथवरची गोष्ट तारांच्या काळातली. १९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. तेव्हापासून अनेक दशकं रोबोला येणारा प्रत्येक सिग्नल एका दिसणाऱ्या तारेतून यायचा. इलेक्ट्रिशियन पॅनेल उघडून बोट ठेवून सांगू शकायचा की ही तार दाराची, ही क्लॅम्पची. आता त्याच पॅनेलमध्ये इथरनेटची एक निळी किंवा हिरवी केबल येते आणि तिच्यातून सगळंच येतं. लाईनच्या पीएलसीचे, म्हणजे लाईन चालवणाऱ्या नियंत्रकाचे, आदेश येतात, व्हिजन कॅमेऱ्याने मोजलेली जॉबची जागा येते, प्रोग्रामरच्या लॅपटॉपवरून नवा प्रोग्राम येतो, वरच्या ऑफिसातलं उत्पादन नियोजनाचं सॉफ्टवेअर आकडे मागतं, आणि एखाद्या राउटरमार्गे परदेशातला सर्व्हिस इंजिनिअरही आत डोकावतो. थबकलेल्या रोबोला ‘पुढे जा’ म्हणू शकणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्यांतले बहुतेक जण आता कुंपणाजवळ नसतात. सेलच्या आत कोण वाकलेलं आहे हे त्यांना दिसत नाही.

म्हणूनच औद्योगिक रोबोंच्या सुरक्षेचं आयएसओ १०२१८ हे आंतरराष्ट्रीय मानक एक अट घालतं: रोबो पेंडंटच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुठल्याही ठिकाणाहून त्याला हालचाल सुरू करता येता कामा नये. ताबा एका वेळी एकाच ठिकाणी. काही कंपन्यांच्या कंट्रोलरमध्ये ही अट प्रोग्राम बदलण्यापर्यंत नेलेली दिसते. मॅन्युअल मोडमध्ये लॅपटॉपवरून काही बदलायचं झालं तर आधी पेंडंटच्या पडद्यावर विनंती उमटते आणि रोबोजवळच्या माणसाने ‘हो’ म्हटल्याशिवाय लॅपटॉपला लिहिण्याचा हक्क मिळत नाही. कंटाळून न वाचता ‘हो’ दाबणारा ऑपरेटर आपला हक्क देऊन बसतो, हे त्याला प्रशिक्षणात कुणी सांगितलेलं असतंच असं नाही.

प्रत्यक्ष जोडणीतल्या चुका मात्र फार साध्या असतात. एकाच कंपनीचे चार रोबो आले, चारही कंट्रोलरवर कारखान्यातून आलेला आयपी पत्ता तोच, आणि चौघांना एका स्विचमध्ये खोचलं. मग कधी संपर्क तुटतो, कधी जुळतो, आणि माणसं केबलला दोष देत बसतात. काही कंट्रोलरवर सर्व्हिससाठी वेगळं पोर्ट असतं. ते लॅपटॉप जोडला की त्याला आपणहून पत्ता वाटतं. घाईत तेच पोर्ट कारखान्याच्या नेटवर्कला लावलं तर ते भलत्याच यंत्रांना पत्ते वाटत सुटतं. याहून वाईट म्हणजे नावांचा घोळ. पडद्यावर चारही रोबोंची नावं सारखीच, त्यात प्रोग्रामर तीन नंबरचा समजून दोन नंबरच्या चालू रोबोत प्रोग्राम उतरवतो. नेटवर्कला जोडण्याआधी प्रत्येक कंट्रोलरला वेगळं नाव आणि वेगळा पत्ता द्यायचा, तेच नाव रोबोच्या बुडख्यावर आणि पॅनेलच्या दारावर रंगवायचं, आणि पत्त्यांचा कागद पॅनेलच्या आत चिकटवायचा. कामाला अर्धा दिवस लागतो आणि पैसे जवळपास लागत नाहीत, तरी ते क्वचितच झालेलं दिसतं.

इमर्जन्सी स्टॉपचा सिग्नल या साध्या नेटवर्कवरून पाठवण्याचा मोह तर अनेकांना होतो. पीएलसीमधलं एक बिट चालू केलं की रोबो थांबतो, मग दोन-दोन तारा कशाला ओढायच्या? कारण सोपं आहे. केबल निघाली, स्विच बंद पडला, तर ते बिट पोचतच नाही, आणि न पोचलेलं बिट हे ‘थांब’ आहे असं रोबोला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून इमर्जन्सीची साखळी दोन स्वतंत्र तारांनी येते आणि तार तुटणं हाच थांबण्याचा आदेश मानला जातो. नेटवर्कवरूनच सुरक्षेचे सिग्नल पाठवायचे तर प्रोफिसेफ किंवा सीआयपी सेफ्टीसारखे खास प्रोटोकॉल लागतात. ते मधल्या केबलवर, स्विचवर अजिबात विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येक संदेशासोबत अनुक्रमांक, पाठवणाऱ्याची ओळख आणि पडताळणीचा आकडा जातो, आणि ठरलेल्या मिलिसेकंदांत पुढचा संदेश आला नाही तर रोबो आपणहून थांबतो.

या ठरलेल्या मिलिसेकंदांशी एक गंमत जोडलेली आहे, आणि ती नेटवर्क सांभाळणाऱ्या आयटी विभागाला सहसा माहीत नसते. लाइट कर्टन किंवा लेसर स्कॅनर, म्हणजे माणूस जवळ आला की सिग्नल तोडणारी उपकरणं, रोबोपासून किती अंतरावर लावायची याचं गणित आयएसओ १३८५५ या मानकात आहे. चालत येणाऱ्या माणसाचा वेग त्यात सेकंदाला १.६ मीटर धरतात. सिग्नल तुटल्यापासून रोबो पूर्ण थांबेपर्यंत अर्धा सेकंद लागत असेल, तर त्या अर्ध्या सेकंदात माणूस ८० सेंटिमीटर आत आलेला असतो; तेवढं अंतर तरी मध्ये हवंच, वर हात पोचण्याची आणखी भर. आता समजा नेटवर्कवर गर्दी वाढली, सेल सारखा फॉल्टवर जायला लागला, आणि कुणीतरी वाट पाहण्याची मुदत २०० मिलिसेकंदांनी वाढवून टाकली. फॉल्ट थांबले, सगळे खूश. पण त्या २०० मिलिसेकंदांत माणूस आणखी ३२ सेंटिमीटर चालतो, आणि स्कॅनर आहे तिथेच आहे. सॉफ्टवेअरमधला एक आकडा बदलला की स्कॅनर मागे न्यावा लागतो, हे दोन्ही खात्यांची माणसं एका टेबलाशी बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

मुद्दाम कुणी घुसलं तर काय होईल, याचं उत्तर २०१७ साली इटलीतल्या मिलान पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी ट्रेंड मायक्रो या कंपनीबरोबर दिलं. त्यांनी प्रयोगासाठी एबीबी या रोबो कंपनीचा एक छोटा रोबो आणि त्याचा कंट्रोलर घेतला. नेटवर्कमधून आत शिरून त्यांनी नियंत्रणाचे काही आकडे बदलले. सरळ रेषा काढायला सांगितलेला रोबो किंचित वाकडी रेषा काढू लागला. डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकाच फरक, पण विमानाच्या किंवा गाडीच्या भागात तेवढा पुरे. त्याहून घाबरवणारी गोष्ट पडद्याची होती. रोबोची खरी अवस्था एक आणि पेंडंटवर दिसणारी दुसरी, असंही करता येतं हे त्यांनी मांडलं. म्हणजे पडद्यावर मोटर बंद दिसते, त्या भरवशावर माणूस आत जातो, आणि रोबो प्रत्यक्षात वाट पाहत उभा असतो. इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा त्यांना ८० हजारांहून अधिक औद्योगिक राउटर उघड्यावर दिसले, त्यांतल्या काही हजारांना पासवर्डही नव्हता. थेट उघडे पडलेले रोबो सापडले २८. एबीबीने सापडलेल्या त्रुटी दुरुस्त केल्या.

त्याच वर्षी आयओअ‍ॅक्टिव्ह या संस्थेच्या संशोधकांनी माणसाशेजारी कुंपणाविना चालणाऱ्या कोबॉटवर हेच करून दाखवलं. कोबॉटचा विषय महाराष्ट्राच्या जवळचा आहे. चाकणच्या बजाज ऑटोने भारतात फार लवकर, २०१० च्या सुमारास कोबॉट घ्यायला सुरुवात केली, आणि आज ते लहान कारखान्यांतही दिसतात. कोबॉट निरुपद्रवी वाटतो, कारण धक्का लागला की तो थांबतो. किती धक्क्याला थांबायचं याचे आकडे २०१६ च्या एका तांत्रिक मार्गदर्शिकेत शरीराच्या २९ जागांसाठी दिलेले आहेत, कपाळाला वेगळा, मनगटाला वेगळा. पण ते आकडे शेवटी कंट्रोलरमधल्या एका फाइलमध्ये असतात. कुंपण नाही, म्हणजे कोबॉटच्या बाबतीत ती फाइल हेच कुंपण. आयओअ‍ॅक्टिव्हने नेमके सुरक्षेचे ते आकडेच नेटवर्कवरून बदलता येतात हे दाखवलं. (आणि फाइल शाबूत असली तरी ग्रिपरमध्ये धारदार पत्रा धरलेला कोबॉट सुरक्षित नसतोच, हे विक्रेता सहसा शेवटी सांगतो.)

रोबोवर हल्ला करून माणसाला इजा केल्याची ठळक घटना घडण्याआधीच कारखाने बंद पाडणारे हल्ले मात्र रोजचे झाले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा संगणक विषाणू पसरला, तेव्हा फ्रान्समधल्या रेनोच्या आणि इंग्लंडमधल्या निस्सानच्या कारखान्यांचं उत्पादन थांबलं. जूनमध्ये जपानमधला होंडाचा सायामा कारखाना एक दिवस बंद ठेवावा लागला. या विषाणूला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती बसवली का नव्हती, याचं उत्तर शॉपफ्लोअरवर काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. काही रोबो कंट्रोलरांच्या आत विंडोजचीच औद्योगिक आवृत्ती चालते. तिच्यावर नवी दुरुस्ती बसवायची तर रोबो कंपनीची संमती लागते, लाईन थांबवावी लागते, आणि चालत्या गाडीला हात लावायला कुणी धजत नाही. त्याच जूनच्या अखेरीस नॉटपेट्या या विषाणूचा फटका थेट नवी मुंबईपर्यंत पोचला. जेएनपीटीमधलं मर्स्क समूहाचं टर्मिनल त्यात अडकलं आणि कंटेनर खोळंबले. ३ ऑगस्ट २०१८ ला तैवानच्या टीएसएमसीत जे झालं ते तर नवं यंत्र बसवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. नव्या यंत्रात सॉफ्टवेअर बसवलं, विषाणू आहे का ते तपासायचं राहिलं, आणि यंत्र नेटवर्कला जोडलं. पुढचे दोन-तीन दिवस इतर कंपन्यांसाठी चिप बनवणारी जगातली सर्वात मोठी कंपनी त्या एका केबलची किंमत मोजत होती. सप्टेंबर २०२५ पासून टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचे इंग्लंडमधले कारखाने सायबर हल्ल्यामुळे महिनाभराहून अधिक काळ बंद होते, आणि तिथल्या एका तज्ज्ञ संस्थेने ब्रिटिश अर्थव्यवस्थेचं नुकसान १.९ अब्ज पौंड इतकं अंदाजलं.

यावर उपाय काय, तर पहिला भिंतींचा. ऑफिसचं नेटवर्क आणि कारखान्याचं नेटवर्क यांच्यामध्ये फायरवॉल, आणि कारखान्यातही प्रत्येक लाईनचा वेगळा कप्पा, म्हणजे एका कप्प्यातली लागण दुसऱ्यात जाऊ नये. हिशेबनीसाच्या संगणकाला रोबोशी बोलायचं काही कारण नसतं. रोबोला इंटरनेट तर लागतच नाही. सर्व्हिससाठी बाहेरून यायचं असेल तर कारखान्याच्या बाजूने चालू-बंद होणारी वाट ठेवायची. इंजिनिअरने फोन करावा, इथल्या माणसाने सेलमध्ये कुणी नाही याची खात्री करून वाट उघडावी, काम होईपर्यंत तिथेच थांबावं आणि मग बंद करावी. ‘राउटर चालूच राहू दे, पुन्हा लागेल’ ही सोय नंतर फार महागात पडते. बाहेरचा लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आधी वेगळ्या संगणकावर तपासायचा. आणि कंट्रोलरसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, कारण तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल जगभर फिरत असतं. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशांनुसार सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि औद्योगिक नियंत्रण यंत्रणांवरचे हल्लेही त्या यादीत आहेत.

भिंतींइतकीच महत्त्वाची एक साधी लोखंडी किल्ली. २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन नावाचा विषाणू सापडला. त्याचं लक्ष्य उत्पादन नव्हतं. धोका दिसताच कारखाना बंद करणारे सुरक्षा कंट्रोलर हेच त्याचं लक्ष्य होतं. त्या कंट्रोलरच्या तोंडावर किल्लीचा स्विच असतो, आणि तो ‘चालू’वर असता तर बाहेरून प्रोग्राम बदलणं अवघड गेलं असतं. तपासात आढळलं की किल्ली ‘प्रोग्राम’वरच ठेवलेली होती. रोबोच्या मोडची किल्लीही अशीच असते. बऱ्याच ठिकाणी ती पेंडंटलाच लटकलेली सापडते, कारण सुपरवायझरला शोधत फिरायला कुणाला वेळ नसतो.

पॅनेल उघडायचं असेल तेव्हा नेटवर्कची गोष्ट संपते आणि विजेची सुरू होते. मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. आत तिघं काम करत असतील तर तीन कुलपं. अमेरिकेत १९८९ पासून हा कायदाच आहे, आणि आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांत तो ‘लोटो’ या नावाने सगळ्यांच्या तोंडी आहे. स्विच बंद झाला तरी ड्राइव्हमधल्या कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं शिल्लक असते. किती मिनिटं थांबायचं ते पॅनेलच्या दारावरच्या लेबलवर लिहिलेलं असतं, आणि तरी मीटर लावून बघायचंच. ग्रिपरमधली हवा सोडून द्यायची. आणि ब्रेक सोडायचं बटण दाबण्याआधी हाताला खालून आधार द्यायचा, कारण मोटर बंद असलेल्या रोबोचा हात फक्त ब्रेकवर उभा असतो. ब्रेक सुटला की त्याला खाली आणायला कुठल्याच सिग्नलची गरज लागत नाही.

एक बारीक गोष्ट पेंडंटची. काही रोबोंचं पेंडंट काढून ठेवता येतं. काढलेल्या पेंडंटवरचं लाल बटण तसंच लालभडक दिसतं, पण दाबून काही होत नाही. सेलच्या कट्ट्यावर पडलेलं असं पेंडंट बघून आणीबाणीत कुणीतरी नेमकं तेच दाबणार. म्हणून मानकंच सांगतात की न जोडलेलं पेंडंट नजरेआड, कपाटात ठेवा. बिनतारी पेंडंट आल्यापासून हा गोंधळ वाढला आहे, कारण आता केबल बघूनही ते जोडलेलं आहे की नाही हे कळत नाही. नव्या रचनांमध्ये चालू असलेलं बटण आतून उजळतं आणि बंद झालं की विझतं, ते यासाठीच.

आयएसओ १०२१८ ची २०११ ची आवृत्ती रोबोकडे मुख्यतः यंत्र म्हणून बघत होती. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या नव्या आवृत्तीत सायबर सुरक्षेचाही समावेश झाला, तोही याच कारणासाठी की बाहेरून झालेला बदल माणसाला इजा करू शकतो. भारतात २०२३ या एका वर्षात साडेआठ हजार नवे औद्योगिक रोबो बसले, असं रोबो उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची आकडेवारी सांगते. नव्या सेलच्या स्वीकृतीच्या वेळी सायकल टाइम सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून घेतला जातो. त्याच दिवशी संपूर्ण बॅकअप घेऊन तो नेटवर्कबाहेर, कपाटात ठेवला पाहिजे. हल्ला झाला, डिस्क गेली किंवा एन्कोडरची बॅटरी संपून रोबो आपली शून्याची जागा विसरला, तर कामाला येतो तो हाच. परत भरलेला बॅकअप कधीचा आहे याची मात्र खात्री नसते. त्यामुळे पहिली फेरी जॉबशिवाय, टी-१ मध्ये, हातात बटण धरून घ्यायची.

त्याच दिवशी आणखी एक नोंद करून ठेवावी. अनेक कंट्रोलर सुरक्षेच्या सगळ्या आकड्यांचा मिळून एक चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, दाखवतात. एका लोकप्रिय कोबॉटच्या पडद्यावर तर तो चार अक्षरांत कायम कोपऱ्यात दिसतो. वेगाची मर्यादा, धक्क्याची मर्यादा, सीमेचा एखादा बिंदू, काहीही बदललं की ती अक्षरं बदलतात. मुरलेल्या हल्लेखोराला तेही खोटं दाखवता येईल, पण रोज घडणारा प्रकार हल्लेखोराचा नसतो. तो रात्रपाळीत फॉल्ट घालवण्यासाठी कुणीतरी मर्यादा वाढवून ठेवली आणि सकाळच्या पाळीला सांगायचं राहिलं, असा असतो. सकाळच्या ऑपरेटरने कागदावरची अक्षरं आणि पडद्यावरची अक्षरं ताडून पाहिली, तर दाराच्या आत पाऊल टाकण्याआधी त्याला ते कळतं.